साखरखेर्ड्याच्या वाटेवरचा मुक्काम

‘सर, उर्दू म्हणजे लष्कर ना? मग आपण लष्करासोबत आलो होतो का?’

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये सातवीच्या वर्गात एका मुलाने हा प्रश्न विचारला. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. तो तास उर्दूचा होता. मी लहानपणी ऐकलेले उत्तर दिले. उर्दू हा तुर्की शब्द आहे, त्याचा अर्थ छावणी. मोगल फौजेत इराणी, तुराणी, हिंदुस्थानी सगळे एकत्र राहायचे, त्यांच्या बोलाचालीतून ही भाषा झाली. मुलगा खाली बसला नाही. म्हणाला, ‘मग लष्कर तर परत गेलं. आपण का राहिलो, असं मोबाइलवर एक जण विचारत होता.’

वर्गात हसू पिकले. मी मुलांना धड्यातले नवे शब्द वहीत लिहायला सांगितले आणि तास संपवला. वीस वर्षे शिकवून या पोराला देण्यासारखे एक वाक्यही माझ्याजवळ नव्हते, हे मात्र दिवसभर खुपत राहिले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईला तीनशे वर्षे पूर्ण होत होती. दोन मोठ्या छावण्या समोरासमोर आल्या होत्या ती ही जागा आमच्या वाशीमपासून एका दिवसाच्या आत जाऊन येण्यासारखी, आणि मी ती कधी पाहिलेली नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत जायचे ठरवले. सोबत माझा नववीतला मुलगा आणि शेजारच्या मराठी शाळेतले भूगोलाचे सर. सर मानोऱ्याकडच्या तांड्यावरचे, माझे जुने स्नेही. गाडी त्यांची होती. पुण्याच्या भाच्याने ट्रेकिंगसाठी घेतलेला तंबू आमच्या घरी पडून होता, तो मुलाने उचलला. विधानसभेची निवडणूक २० नोव्हेंबरला होती, दोघांनाही ड्युटी लागलेली. प्रशिक्षण सुरू व्हायच्या आत परत यायचे होते. थोडक्यात, आमच्या मोहिमेला दोन दिवस आणि एक रात्र मिळाली.

अम्मीने भाकरी, ठेचा आणि शामीकबाब बांधून दिले. मुलाने विचारले, कांदा कापून देऊ का, तर म्हणाली, ‘नक्को, वहीं काट लेंगे.’ या ‘नक्को’कडे पुढे येतोच.

वाशीमहून रिसोडकडे निघाले की दोन्ही बाजूंना काळी जमीन लागते. सोयाबीन निघून गेलेले, कुठे कुठे ताडपत्रीखाली झाकलेली सुडी अजून मळणीची वाट पाहत होती. तूर हिरवीगार, कपाशीत वेचणीच्या बायका, आणि मोकळ्या झालेल्या रानात हरभऱ्याची पेरणी. ही जमीन पावसाळ्यात काय करते ते इथल्या माणसाला सांगायला नको. बैलगाडीचे चाक आसापर्यंत रुतते. म्हणून या मुलखात पूर्वी सगळ्यांच्या मोहिमा शरद ऋतूत निघत. मराठ्यांचे सीमोल्लंघन दसऱ्याला, आणि तोवर पावसाळ्याची ‘छावणी’. मराठी कागदांत हा शब्द चार महिने एका जागी बसण्यासाठी येतो. आश्विनात वाट वाळते, गवत गुडघाभर असते, नदीनाल्यांना पाणी असते, आणि शेतात धान्य उभे असते. घोड्याला आणि माणसाला वाटेत खायला मिळते. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्याचे पीक हाताशी आले की फौजा येत.

१७२४ मध्येही तसेच झाले, पण त्या गोष्टीची सुरुवात दिल्लीत, एका शिकारीच्या सहलीने होते. निजाम-उल-मुल्क तेव्हा बादशहा मुहम्मद शाह यांचे वजीर होते. दरबाराशी त्यांचे जमेना. १७२३ च्या अखेरीस हवापालट आणि शिकार हे कारण सांगून त्यांनी दिल्ली सोडली, थोडे दिवस उत्तरेत आपल्या जहागिरीकडे गेल्यासारखे दाखवले, आणि मग थेट दख्खनची वाट धरली. मे १७२४ मध्ये धारजवळ नालछा इथे ते बाजीराव पेशव्यांना भेटले. इकडे दिल्लीने हैदराबादचे सुभेदार मुबारिज खान यांना दख्खनची सगळी सुभेदारी देऊन टाकली होती. एकाच बादशहाचे दोन सरदार, एकाच पदाचे दोन दावेदार. एक औरंगाबादेहून निघाले, दुसरे हैदराबादेहून, आणि मधे आमचे वऱ्हाड.

लढाई झाली ११ ऑक्टोबर १७२४ रोजी. हिजरी तारीख २३ मोहरम ११३७. मला हिजरी तारखा आवडतात त्याचे एक कारण म्हणजे त्यांवरून त्या रात्रीचा चंद्र कळतो. चांद्र महिन्याची तेविसावी म्हणजे कृष्ण पक्षातली सप्तमी-अष्टमी. आश्विन वद्य चालू होते. दसरा होऊन पंधरवडा झालेला, दिवाळी आठवड्यावर आलेली. चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवला असणार, तोही अर्धा. मोहरमचा ताबूत आणि आश्विनातली घटस्थापना त्या वर्षी एकाच चांद्र महिन्यात आली होती. दोन्ही पंचांगे त्याच चंद्राला पाहून चालतात, हे आपण दिवाळी-ईद वेगवेगळ्या ऋतूंत येताना पाहून विसरतो.

रिसोडहून आम्ही लोणारला गेलो. मुलाला सरोवर दाखवायचे होते, शिवाय वऱ्हाडचे वर्णन करताना अबुल फजलनेही ‘आईन-ए-अकबरी’त लोणारचा उल्लेख केला आहे. काच आणि साबण करायला लागणारा खार तिथे मिळतो, हे त्याने नोंदवले. त्याच ग्रंथात वाशीम, तेव्हाचे ‘बासिम’, हे वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार आहे, आणि मेहकर दुसरे. अकबराच्या ताब्यात वऱ्हाड आले ते १५९६ मध्ये. त्यानंतरच्या कागदांत वऱ्हाडचे दोन भाग दिसतात. पूर्णेच्या खोऱ्यातला खालचा तो पायीनघाट, आणि अजिंठ्याच्या रांगेवरचा आमचा तो बालाघाट. ‘बाला’ म्हणजे वर, ‘पायीन’ म्हणजे खाली, हे फारसी, ‘घाट’ आपला. भूगोलाच्या सरांना हे फार आवडले. ते म्हणाले, ‘हे नाव घाट चढताना दमलेल्या माणसानं ठेवलेलं दिसतं.’

सरोवराच्या काठावर तंबू लावता येत नाही. ते अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही. तसे पाटीवरच लिहिले आहे, आणि बरे आहे. आम्ही ऊन कलायच्या आधी साखरखेर्ड्याकडे निघालो.

साखरखेर्डा सिंदखेड राजा तालुक्यात, बुलढाणा जिल्ह्यात येते. गाव मोठे आहे, बाजार आहे, एसटी थांबते. जवळच्या मेहकरावरून समृद्धी महामार्ग गेला आहे. त्या रस्त्याने गेलेला माणूस ताशी १२० किलोमीटरने हा सगळा मुलूख मागे टाकतो. तीनशे वर्षांपूर्वी मोठ्या फौजेची दिवसाची मजल पाच-सहा कोस असे, तीही वाट चांगली असेल तर. लढाई कुठे झाली हे दाखवणारी कमान किंवा शिळा मला दिसली नाही. गावकुसाबाहेर उभे राहून जे दिसते ते म्हणजे हलक्या उताराची शेते, बांधावर बाभळी, लांबवर टेकड्या.

इथे मुबारिज खान लढताना मारले गेले, आणि त्यांची दोन मुलेही. निजामाने त्यांचे शिर दिल्लीला पाठवले. ज्या बादशहाने मुबारिज खानांना नेमले होते त्याच बादशहाने पुढच्या वर्षी निजामाला ‘आसफ जाह’ ही पदवी दिली. यात बादशहाच्या हातात काय उरले होते ते दिसते. १७२४ पासूनच आसफजाही राज्याचे वर्ष मोजतात, ते १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत चालले. म्हणजे हैदराबादचे राज्य हैदराबादेत नव्हे, तर आमच्या बाजूच्या या शेतांत जन्मले. बाजीराव त्या वेळी निजामाच्या बाजूने होते, त्याबद्दल त्यांना सात हजारी मनसब मिळाली. निजामाच्या सैन्यात राव रंभा निंबाळकरांसारखे मराठे सरदार होते. चार वर्षांनी, फेब्रुवारी १७२८ मध्ये, याच बाजीरावांनी पालखेडला याच निजामाला कोंडीत पकडले.

हे सगळे मुलाला सांगत होतो. तो म्हणाला, ‘अब्बा, मग इथे हिंदू कोणत्या बाजूला होते आणि मुसलमान कोणत्या?’ मी म्हटले, दोन्ही दोन्हीकडे. त्याला हे उत्तर फारसे पसंत पडले नाही. परीक्षेत लिहिता येईल असे ते नाही.

विजयी निजामाने गावाचे नाव बदलून फतेहखेर्डा ठेवले. कागदांत ते चालले. आज मात्र दुकानाच्या पाट्यांवर, एसटीच्या फलकावर साखरखेर्डा आहे. मी एका पानटपरीवर विचारले, फतेहखेर्डा नाव ऐकले आहे का? त्याने थोडा विचार करून विचारले, ‘कोन्या तालुक्यात येते?’

मुक्कामाची जागा आमच्या सरांच्या ओळखीतून मिळाली. गावापासून थोडे लांब एका शेतकरी काकांचे रान. काकांची रोजची जागल तिथेच असते, कारण तुरीत रोही शिरतात आणि नव्या हरभऱ्यात रानडुकरे. चार लाकडांवर उभा केलेला माळा, त्यावर गोधडी, खाली पाण्याचे कॅन. सोयाबीन अजून घरातच होते. हमीभाव ४,८९२ रुपये, बाजारात त्याहून बरेच कमी, म्हणून थांबलेले. आमचा निळा तंबू पाहून काका म्हणाले, ‘रातभर राह्यता? मंग मी जातो घरी. तुम्हीच करा आज जागल.’ आणि खरोखर बॅटरी आमच्या हातात देऊन गेले.

तंबू उभा करताना मुलाचे आणि माझे अर्धा तास भांडण झाले. दोन माणसांचा, पाठीवर मावणारा तंबू, तरी कोणती काठी कुठे ते कळेना. मी त्याला अकबराच्या डेऱ्याचा हिशेब सांगून वेळ मारून नेली. आईनमध्ये तो तपशिलाने आहे. एका डेऱ्याच्या वाहतुकीला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या. उभारणीला १,००० फर्राश, जमीन साफ करायला ५०० बेलदार, १०० भिस्ती, ५० सुतार, तंबू शिवणारे, मशालजी, ३० चांभार, १५० झाडूवाले. असे दोन संच असत. बादशहा एका मुक्कामावर असताना दुसरा संच पुढच्या मुक्कामावर जाऊन उभा राहायचा. रात्री लोकांना आपला डेरा सापडावा म्हणून ४० गज उंच खांबावर मोठा दिवा लावत, त्याला आकाशदिया म्हणत, आणि तो खांब १६ दोऱ्यांनी ताणून धरलेला असे. त्या आठवड्यात आमच्या वाशीमात घरोघर आकाशकंदील टांगलेले होते.

या यादीत मला रस आहे तो बेलदार, भिस्ती, चांभार, सुतार यांच्यात. हे हजारो लोक समरकंदहून आलेले नव्हते. फौज जिथून जाई तिथले होते. औरंगजेबाच्या दख्खनमधल्या छावणीला १६९५ मध्ये जेमेली कारेरी हा इटालियन प्रवासी भेट देऊन गेला. त्याने छावणीचा घेर ३० मैल आणि आतले बाजार २५० सांगितले आहेत. आकडे थोडे फुगलेले असतील, पण ते एक चालते शहर होते यात शंका नाही. बुऱ्हाणपुरात जन्मलेला कायस्थ लेखक भीमसेन सक्सेना त्याच मोहिमांत होता. छावणीतच जन्मून मोठी झालेली, घर म्हणजे काय ते न पाहिलेली माणसे तिथे होती, असे त्याने लिहून ठेवले आहे. तंबू हेच त्यांचे घर. पंचवीस वर्षांच्या युद्धाची किंमत याहून कमी शब्दांत सांगता येणार नाही.

तोपर्यंत सर पुढे झाले होते. त्यांनी काही न बोलता दोन काठ्या अदलाबदल केल्या, खुंट्या तिरक्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या. तंबू पाच मिनिटांत उभा. मग काकांची कुदळ घेऊन तंबूभोवती बोटभर चर खणला आणि उताराकडे काढून दिला. मी म्हटले, सर, नोव्हेंबरात पाऊस कुठला? ते म्हणाले, ‘सवय आहे.’

चुलीच्या तीन दगडांभोवती बसल्यावर त्यांनी सांगितले. दिवाळी झाली की त्यांच्या तांड्यावर ट्रॅक्टर यायचा. मुकादमाची उचल घेतलेली असायची, भांडीकुंडी, कोंबड्या, लहान भाऊ सगळे ट्रॉलीत. कारखान्याच्या रानात पाचटाची आणि चटईची कोपी करायची, तिच्याभोवती असाच चर. पाच-सहा महिने त्या कोपीत. आई-वडील पहाटे थंडीत उसाच्या फडात जायचे, हे धाकट्या भावाला सांभाळायचे. परत यायचे ते उन्हाळ्यात, तोवर शाळेचे वर्ष संपलेले. चौथीत दोनदा बसले. पाचवीला आजीने हट्टाने मागे ठेवून घेतले म्हणून शिकले. आजही आमच्या जिल्ह्यातल्या कित्येक तांड्यांतून दिवाळीनंतर अशी कुटुंबे निघतात. मुलांना मागे ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहे असतात, तरी दिवाळीनंतर पहिल्या हजेरीला काही नावांवर ‘ओ’ येत नाही. हे त्यांना आणि मला दोघांनाही ठाऊक आहे.

मी इतिहासातला तंबू शोधत फिरत होतो आणि माझ्यासोबत गाडी चालवणारा माणूस अर्धे बालपण तंबूत काढून आलेला होता. वीस वर्षांच्या दोस्तीत मी हे कधी विचारले नव्हते.

त्यांच्या समाजाचा आणि छावणीचा संबंध तर माझ्या पुस्तकांतच होता. मोगल असोत, निजाम असो, मराठे असोत की इंग्रज, फौज चालायची ती बंजाऱ्यांच्या बैलांवर. धान्य, मीठ हजारो बैलांच्या पाठीवर लादून तांडा लष्कराच्या मागे-पुढे असायचा. शाहजहानच्या काळात, १६३० च्या सुमारास, आसफ खान दख्खनच्या मोहिमेवर आला तेव्हा भंगी आणि जंगी या नाईकांचे तांडे त्याच्यासोबत होते, अशी परंपरा आहे. बैलांना वाटेत पाणी आणि चारा घ्यायची मोकळीक देणारा ताम्रपट त्यांना मिळाला, असे सांगतात. सरांना ही गोष्ट आजोबांकडून माहीत होती, मला पुस्तकातून. दोन्ही ठिकाणी नावे तीच निघाली. आमच्या जिल्ह्यातले पोहरादेवी हे आज देशभरच्या बंजाऱ्यांचे तीर्थ आहे. तिथे येणाऱ्या माणसांच्या पूर्वजांनी या देशाच्या सगळ्या फौजा जेवू घातल्या, हे शालेय इतिहासात एका ओळीतही येत नाही. १८६० च्या दशकात वऱ्हाडात रेल्वे आली, पक्के रस्ते झाले आणि बैलांचा धंदा बुडाला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने फिरत्या लोकांकडे संशयाने पाहायची रीतच घालून दिली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात बंजारा समाज अजूनही ‘विमुक्त जाती’ या गटात मोजला जातो.

मराठीत छावणीमागून चालणाऱ्यांना ‘बाजारबुणगे’ म्हणतात. पानिपतच्या प्रत्येक वर्णनात त्यांच्यावर खापर फुटते. हा शब्द मी वर्गात शिवीसारखाच शिकवत आलो होतो. त्या रात्रीनंतर तसा शिकवला नाही.

रात्री चंद्रकोर लवकर मावळली. मुलगा तंबूत झोपला. सरांनी गाडीची सीट मागे केली आणि तिथेच पाय पसरले. म्हणाले, ‘राग मानू नका, मला कापडाखाली झोप लागत नाही.’ मी बॅटरी घेऊन माळ्यावर बसलो, काकांची जागल करायची होती. रोही आले नाहीत. डोक्यात सातवीतला तो मुलगा होता.

त्याला मी जे सांगितले होते तेच मुळात कच्चे होते. उर्दू हा शब्द तुर्की ‘ओर्दू’पासून आला, त्याचा अर्थ छावणी, इतके खरे. पण भाषेला हे नाव पडले ते फार उशिरा, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याआधी हिला हिंदी, हिंदवी, रेख्ता, गुजरी, दकनी म्हणत. शम्सुर्रहमान फारूकी यांनी यावर पुष्कळ लिहिले आहे. ‘उर्दू-ए-मुअल्ला’ म्हणजे त्या काळी शाहजहानाबाद, दिल्लीचे शहर. ‘जबान-ए-उर्दू-ए-मुअल्ला’ म्हणजे त्या शहराची भाषा. पुढे आखडत आखडत नुसते ‘उर्दू’ राहिले. लष्कराच्या बाजारात सौदेबाजी करताना भाषा तयार झाली ही गोष्ट लोकांत रुजली ती मीर अम्मन यांच्या ‘बाग-ओ-बहार’च्या प्रस्तावनेमुळे, आणि ते पुस्तक १८०४ मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी छापलेले, नव्याने आलेल्या इंग्रज साहेबांना भाषा शिकवायला.

आणि दख्खनचे काय? बिदरच्या बहमनी दरबारात निजामी नावाच्या कवीने ‘कदमराव पदमराव’ ही मसनवी लिहिली ती पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात. वऱ्हाडात अकबराची फौज आली १५९६ ला. म्हणजे मोगल छावणीचा पहिला तंबू इथे ठोकला गेला त्याच्या दीडशे वर्षांहून आधी ही भाषा दख्खनमध्ये कविता करत होती, आणि तिच्या काव्यातल्या राजाचे नाव कदमराव होते. ती आणणाऱ्यांत सैनिक होते, नाही असे नाही. दौलताबादच्या वाटेने आलेले सूफी होते, विणकर होते, व्यापारी होते. पण इथे आल्यावर ती इथलीच झाली. अम्मीचे ‘नक्को’ दिल्लीत कुणी म्हणत नाही. ते मराठी ‘नको’ आहे. आम्ही घरात ‘मैंइच’, ‘वोइच’ म्हणतो, त्यातला ‘इच’ हा मराठी ‘च’ आहे. एखादा शब्द बाजारात उसना घेता येतो. पण नकार द्यायची आणि जोर द्यायची पद्धत माणूस शेजाऱ्याकडून, कित्येक पिढ्या सोबत राहून उचलतो.

उलट बाजूने पाहावे तर छावणीचे शब्द मराठीतच जास्त घर करून बसलेत. कूच, लष्कर, फौज, डेरा, कनात, शामियाना. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राजव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी हे शब्द लोकांनी सोडले नाहीत. दुष्काळात गुरांसाठी उघडतात ती चारा छावणी. आणि मुक्काम? अरबीतून फारसीत, तिथून मराठीत आलेला हा शब्द. महाराष्ट्रातल्या खेड्यात राहणाऱ्या कुणाचाही पत्ता ‘मु. पो.’ने सुरू होतो. पाचशे वर्षे एकाच वाड्यात राहणारा देशमुखसुद्धा पाकिटावर मुक्कामाला असतो.

पहाटे थंडी चांगलीच पडली. काका चहाची किटली घेऊन आले, शेताला एक फेरी मारली आणि नुकसान नाही म्हणून समाधानाने बसले. मी त्यांना विचारले, इथे मोठी लढाई झाली होती, माहीत आहे का? ते म्हणाले, ‘म्हातारे सांगत. नांगरताना कधी लोखंडाचा तुकडा लागे, असं आमचा बा म्हणे.’ त्यांनी स्वतः काही पाहिले नव्हते. मग निवडणुकीत सोयाबीनचा भाव वाढेल का, हे त्यांनी आम्हाला विचारले. मास्तर लोकांना माहीत असेल असे त्यांना वाटले.

परतीला मेहकरवरून, पैनगंगा ओलांडून, मालेगावमार्गे आलो. वाटेत एका फाट्यावर ट्रॉली उभी होती. वर ताडपत्री, बांबू, पाण्याचे ड्रम, एक शेळी, आणि सामानावर बसलेली तीन मुले. सरांनी गाडी हळू केली, खिडकीतून गोरमाटीत काहीतरी विचारले. मोठ्या मुलीने उत्तर दिले. पुढे गेल्यावर मी विचारले, काय म्हणाली? ‘सहावीत आहे म्हणाली. शाळेचं नाव सांगितलं.’ थोड्या वेळाने त्यांनी मोबाइल काढून त्या शाळेतल्या एका ओळखीच्या गुरुजींना फोन लावला.

सुट्टीनंतर शाळा उघडली. सातवीच्या तासाला मी फळ्यावर ‘नको’ आणि ‘नक्को’ असे दोन लिप्यांत दोन शब्द लिहिले आणि त्या मुलाला पुढे बोलावून विचारले, यातला आधीचा कोणता? त्याने बराच वेळ फळ्याकडे पाहिले. मग विचारले, ‘सर, हे माझ्या नानीनं आधी म्हटलं की शेजारच्या आजीनं, असं विचारताय का?’ मी म्हटले, हो, तेच विचारतोय.

एक सांगायचे राहिले. त्या सकाळी तंबू गुंडाळून आम्ही गाडीत टाकला आणि निघायच्या घाईत होतो. सर मागेच राहिले. वाकून, खुंट्या उपटल्यावर राहिलेली भोके एकेक करून पायाने मातीने बुजवत होते, चरही. मुलाने विचारले, सर, एवढं कशाला? ते म्हणाले, ‘काकांचा बैल येईल ना इकडून. पाय जातो त्याचा.’